हात न लावता दिलेला निकाल

मेहुणीचा व्हिडिओ गेम नापास करण्यात निकालरावांचा फायदा होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

गेल्या हंगामात त्यांनी एका जुन्या मित्राचं नाटक आपल्या साप्ताहिकात डोक्यावर घेतलं होतं. नाटक पडलं. नाटकं पडतातच, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते; पण वाचकांनी पत्रं लिहून कळवलं की मैत्री निभावणं ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त ती आमच्या तिकिटावर निभावू नका. तेव्हापासून त्यांच्या शब्दाची पत घसरली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. मात्र नाट्यगृहात त्यांना मिळणारी खुर्ची हळूहळू मागे सरकत खांबाआड गेली, आणि संपादक त्यांचं परीक्षण छापण्याआधी आणखी कुणाला तरी वाचायला देऊ लागले.

निःपक्षपातीपणा एकदा हातचा गेला की परत मिळवायला महाग पडतो. कुणाला तरी दुखवावं लागतं. मोठ्या माणसाला दुखवलं तर तो उलटतो. परक्याला दुखवलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण बायकोच्या सख्ख्या बहिणीला दुखवलं, तर ते साऱ्या शहराला दिसतं, आणि उलटायचं असेल ते घरातल्या घरात उलटतं. इतक्या स्वस्तात हा माल दुसरीकडे मिळत नाही. म्हणून साप्ताहिकाने व्हिडिओ गेमचं पान सुरू करायचं ठरवलं, आणि पहिलाच गेम तुमच्या मेहुणीचा आहे, तुम्हाला अवघड तर होणार नाही ना, असं संपादकांनी चाचरत विचारलं, तेव्हा निकालराव म्हणाले की उलट, याला माझ्याहून लायक माणूस तुम्हाला मिळायचा नाही.

निकालराव हे नाव मेहुणीनेच ठेवलेलं. मध्यंतर व्हायच्या आत नाटकाचा निकाल शेजारच्याच्या कानात सांगून टाकायचा, ही त्यांची जुनी सवय. घरीही तेच. समोर नवे शेजारी राहायला आले तर त्यांचे पडदे बघून माणसं कशी असतील ते सांगायचं. नंतर ती माणसं तशी निघाली नाहीत तर दोष माणसांचा.

मेहुणीला घरात सगळे धाकटी म्हणत. चाळिशी उंबरठ्यावर आली होती, केसांत पांढरं दिसू लागलं होतं, पण ताईपुढे, म्हणजे निकालरावांच्या बायकोपुढे, ती धाकटीच. तिने आणि तिच्या जोडीदाराने मिळून हा गेम केला होता. जोडीदार म्हणजे संसारातला नव्हे, कामातला. तो इतकं कमी बोलायचा की धाकटीने त्याचं नाव मौनी ठेवलं होतं. नावं ठेवण्यात दोन्ही बहिणींचा हात कुणी धरत नसे. कपडे इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. खालून वाफ यायची, भिंती बारा महिने दमट. त्या खोलीत हे दोघं एका बुडीत कल्पनेवर कित्येक वर्षं घासत बसले होते. बुडीत हा शब्द ताईचा.

कल्पना अशी होती. जुन्या काळातली एक बोट. पितळी शिरस्त्राण घातलेला एक पाणबुड्या समुद्राच्या तळाशी उतरलेला. तुम्ही वर, डेकवर. तुमच्यापुढे हवेचा पंप, तो तुम्ही फिरवायचा, म्हणजे खाली त्याला श्वास मिळतो. त्याच्याशी बोलायला एकच सोय, एक दोर. तो खालून दोराला हिसका देतो आणि तो हिसका तुमच्या हातातल्या कंट्रोलरमध्ये येतो. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोड. भरभर आले तर हवा कमी पडतेय. नुसती बारीक थरथर लागली तर काहीही विचार न करता वर ओढायचं. स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही. स्क्रीनवर समुद्र, पंप आणि कठड्यावर बसलेला एक पक्षी. जे घडायचं ते सगळं तळहातात घडतं. आणि गेम अर्ध्यावर आला की तो पाणबुड्या उगीचच हिसके द्यायला लागतो, काही नको असताना, नुसतं वर कुणी आहे ना हे बघायला. तेव्हा तुम्हीही उगीचच एक हिसका परत द्यायचा. गेमचं नाव दोर.

आता यात धाकटीचं काय पणाला लागलं होतं तेही सांगायला हवं. शहरातल्या संग्रहालयात गेमसाठी एक दालन उघडायचं होतं आणि तिथे कायमचा ठेवायला एक गेम निवडायचा होता. संचालिकाबाई स्वतः गेम खेळत नसत, त्या परीक्षणं वाचत. दालन मिळालं तर दोघांचं पुढचं काम सुरू होणार होतं. नाही मिळालं तर मौनी एका विमा कंपनीत नोकरीला जाणार होता. ही धमकी नव्हती. मौनीला धमकी देण्याइतके शब्द परवडत नसत. कंपनीचं पत्र त्याने टेबलावर उघडं ठेवलं होतं, एवढंच. आणि मौनीशिवाय धाकटीच्या डोक्यातले गेम डोक्यातच राहणार होते, हे दोघांनाही माहीत होतं.

म्हणून रविवारी दुपारी निकालरावांनी परीक्षणासाठी बसायचं ठरवलं, तेव्हा धाकटी यंत्र आणि कंट्रोलर पिशवीत घालून स्वतः ताईच्या घरी हजर झाली. निकालरावांनी आरामखुर्ची टीव्हीसमोर ओढून घेतली होती. आपले विचार टिपायला फोन काचेच्या टेबलावर ध्वनिमुद्रणाला लावून ठेवला होता. आणि कंट्रोलर त्यांनी ताईच्या हातात दिला.

धाकटीला आधी वाटलं, ते चष्मा पुसायला थांबलेत.

"भाऊजी, तुम्ही खेळा ना. ताई कशाला?"

"मी नाटकाचं परीक्षण करतो, तेव्हा स्टेजवर चढतो का?"

"नाटक खुर्चीत बसणाऱ्यासाठीच केलेलं असतं. हे हातात धरणाऱ्यासाठी आहे."

"अगं, हातात धरलं की माणूस गुंततो. गुंतलेल्या माणसाने न्याय करू नये. शितावरून भाताची परीक्षा होते, त्यासाठी पातेल्यात उतरावं लागत नाही."

"पण शीत तरी तोंडात घालावं लागतं," धाकटी म्हणाली.

ताई मध्ये पडली. तू नको त्यांच्या नादी लागू, म्हणाली, हे स्वयंपाकही असाच तपासतात, दारातून. ताई इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर काम करायची. दिवसभर लोकांची अक्षरं लावून थकलेली, रविवारी तिला खरं तर झोपायचं होतं. पण नवऱ्याला हो म्हटलं की बोलणं लवकर संपतं, हा शोध तिला फार पूर्वीच लागला होता.

मग निकालरावांनी दुसरी अट घातली. ज्याचा गेम आहे त्याने खोलीत थांबायचं नाही. परीक्षेच्या वेळी पालकांना वर्गात बसू देत नाहीत. धाकटीने सांगून बघितलं की निदान सुरुवात तरी दाखवू द्या, पण दार लागलं, आणि ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. कान दाराकडे.

दाराआडून ऐकू येत होता तो एकच आवाज, निकालरावांचा. फिरव. अगं फिरव की. थांबलीस कशाला. तो पक्षी बघ, पक्ष्याकडे जाता येतं का बघ. नाही जाता येत? मग ठेवलाय कशाला. जरा वेळाने कसलीतरी घरघर झाली, काचेवर काहीतरी थरथरल्यासारखी, आणि निकालराव वैतागून काहीतरी म्हणाले, आणि घरघर थांबली. धाकटीला वाटलं, फोन आला असेल. ती तेव्हाच दार ढकलून आत गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिला परीक्षेच्या वेळचे पालक व्हायचं नव्हतं. काही लोकांना नको तिथे शहाणपण सुचतं.

बऱ्याच वेळाने ताई दार उघडं टाकून मनगट चोळत बाहेर आली. "मेला गं तुझा माणूस. परत परत मेला. पंप तर मी फिरवतच होते. का मेला ते कळलंच नाही."

धाकटीने विचारलं, भरभर हिसके आले तेव्हा तू काय केलंस. ताई म्हणाली, कसले हिसके?

पुढचं सगळं उभ्या उभ्या उलगडलं. सुरुवातीला कंट्रोलर थरथरला होता, हे ताईला आठवलं. पण तिचे हात काचेच्या टेबलाला टेकलेले होते, टेबल घरघरलं आणि ती घरघर निकालरावांच्या ध्वनिमुद्रणात शिरली. त्यांचे विचार ऐकू येईनात. तेव्हा त्यांनी यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन थरथर बंद करायला लावली. हात न लावणाऱ्या माणसाने सबंध गेममध्ये तेवढा एकच हात लावला होता, तोही ताईच्या हातून. कंट्रोलरची थरथर चालू ठेवा, असं गेमच्या सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पण सूचना वाचत बसलो तर परीक्षण कधी लिहू, असं म्हणून ते पान पुढे ढकललं गेलं होतं.

धाकटीच्या लेखी हा असा प्रकार होता: नाटकातले सगळे संवाद काढून टाकायचे आणि मग म्हणायचं, पात्रं उगीच तोंडं हलवतात. का, तर ध्वनिमुद्रण चालू राहावं म्हणून. ती आरामखुर्चीपाशी जाऊन हे सगळं निकालरावांना सांगत होती, तेव्हा ते शांतपणे फोन तपासत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले की जो गेम एक बटण बंद केल्यावर उरत नाही, तो मुळात होता की नाही हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. आणि हे वाक्य त्यांनी फोनमध्ये सांगूनही ठेवलं.

इथे ताई बधली नाही. तिच्या हातून माणूस मेला होता, आणि औषधांच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला ही गोष्ट, खोटी का असेना, मागे टाकून झोपता येत नाही. ती म्हणाली, परत लाव. थरथर चालू करून लाव.

या वेळी धाकटी खोलीतच राहिली. तिला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. ताईने कंट्रोलर मांडीवर घेतला. पहिला हिसका आला तशी ती दचकली आणि हसली. दुसऱ्यांदा हसली नाही. थोड्या वेळाने तिने चप्पल काढून पाय खुर्चीवर घेतले. मग तिचं बोलणं बंद झालं. निकालरावांनी काहीतरी विचारलं. त्यांनी परत विचारलं.

"गप्प बसा ना जरा," ताई म्हणाली. "तो बोलतोय."

इतक्या वर्षांच्या संसारात निकालरावांना हे वाक्य पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. समुद्र, पंप, पक्षी. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने ओठ दाबून धरले होते, आणि दोन्ही हातांत कंट्रोलर असा धरला होता की जणू चिमणीचं पिल्लू उचलून आणलंय. मग एकाएकी तिने अंगठ्यांनी जोर लावला. ओढते रे, थांब, ओढते, असं पुटपुटत तिने त्याला वर घेतलं. स्क्रीनवर पाण्यातून एक पितळी शिरस्त्राण वर आलं, बस्स. ताईने डोळे पुसले आणि कुणी पाहिलं का ते बघितलं.

"चित्र तर तेच आहे," निकालराव म्हणाले.

धाकटीने ताईच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. "आता तुम्ही."

निकालरावांनी दोन्ही हात मागे नेले. अगदी लहान मुलासारखे. आणि त्या एका क्षणात धाकटीला सगळं कळून चुकलं. हा न्याय नव्हता, अंतर नव्हतं, काही तत्त्वबित्त्व नव्हतं. या माणसाला कंट्रोलर धरता येत नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजलेल्या माणसाला बायको आणि मेहुणीदेखत पंप उलटा फिरवायचा, पाणबुड्या मारायचा आणि दोघींचं हसू गिळायचं, हे जमण्यासारखं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांची नाही, खाली उतरण्याची भीती असते. हे कळल्यावर धाकटीला दया यायला हवी होती. तिला आणखीच वैताग आला. तत्त्वाशी भांडता येतं. भीतीशी कुठे भांडणार. आणि भीतीने तत्त्वाचा कोट घातला असेल तर बटणं कुणी काढायची.

"जे योग्य आहे तेच मी लिहीन," निकालराव म्हणाले, आणि खोलीबाहेर गेले.

त्यांनी लिहिलं. पुढच्याच अंकात आलं. लेख उत्तम होता, हे धाकटीलाही मान्य करावं लागलं. माणसाला गेम कळत नव्हता, पण वाक्य कळत होतं. एक समुद्र, एक पंप आणि एक पक्षी, त्यातला पक्षी बरा आहे, अशी सुरुवात. निर्माती माझी जवळची नातेवाईक आहे हे मी मुद्दाम नमूद करतो, अशी मधली मेख. आणि शेवटी: एका सर्वसामान्य खेळाडूचे शब्द जसेच्या तसे देतो, 'का मेला ते कळलंच नाही', याहून नेमकं परीक्षण मला करता येणार नाही.

थरथरीचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या खेळाचा नव्हता. ओढते रे, थांब, हे तर नव्हतंच.

ताईने अंक वाचला आणि जेवणाच्या टेबलावर उपडा ठेवला. तिने नवऱ्याला विचारलं, मी नंतर काय म्हणाले ते का नाही लिहिलंत. त्यांनी समजावून सांगितलं की प्रेक्षकाची पहिली प्रतिक्रिया शुद्ध असते. दुसऱ्या वेळी तुला पढवलेलं होतं. ताई म्हणाली, मला कुणी पढवलं नव्हतं, मला कळलं होतं. ते म्हणाले, तेच ते. ताईने भांडी घासायला घेतली, आणि ती इतक्या आवाजात घासली की निकालरावांना पुढचं परीक्षण लिहायला गच्चीवर जावं लागलं.

वाचकांची पत्रं आली. स्वतःच्या घरच्यांनाही न सोडणारा परीक्षक, असं एकाने लिहिलं. असा कणा आता दिसत नाही, असं दुसऱ्याने. संपादक खूश. खांबाआडची खुर्ची सरकत सरकत पुन्हा पुढे आली. नावडतीचं मीठ अळणी असतं हे जग जाणतं, पण आवडतीचंही अळणी म्हणून दाखवलं की जग टाळ्या वाजवतं, मग मिठाची चव कुणी घेतली की नाही हे कोण विचारतो.

संचालिकाबाईंचा फोन धाकटीला रस्त्यात आला. एका हातात दुधाच्या पिशव्या होत्या. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. बाईंचा आवाज फार गोड होता. दोर घेता येत नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण परीक्षण मात्र इतकं छान होतं, त्या म्हणाल्या, की सगळा गेम डोळ्यांसमोर उभा राहिला.

"बाई, तो डोळ्यांसमोर उभा राहण्यातला नाहीच. तोच तर मुद्दा आहे."

"हो, त्यांनीही तसंच लिहिलंय."

धाकटीने दुधाच्या पिशव्या खाली ठेवल्या. तिने शक्य तितक्या हळू सांगितलं की एकदा, फक्त एकदा, तुम्ही स्वतः हातात घेऊन बघा. मी यंत्र घेऊन येते, तुमच्या टेबलावर लावते, तुम्ही खुर्चीतून उठूही नका. बाई म्हणाल्या की सगळेच असं म्हणतात, आणि सगळ्यांचे खेळत बसले तर संग्रहालय कोण चालवणार. शिवाय तुमच्या सख्ख्या भाऊजींनाच नाही आवडला म्हटल्यावर, म्हणजे तुम्हीच सांगा. हसावं की दूध रस्त्यावर ओतावं हे धाकटीला ठरवता येत नव्हतं. बाईंनी निवडलेल्या गेमचं नाव सांगितलं, लिफ्टवर काहीतरी होतं, आणि तुम्हीही जरूर बघायला या, असं म्हणून फोन ठेवला.

वरच्या खोलीत मौनी तारा गुंडाळत होता. त्याला विचारायची गरज पडली नाही. धाकटी जिना चढली त्या आवाजावरूनच त्याला कळलं असावं. तिने निवडलेल्या गेमचा ट्रेलर स्क्रीनवर लावला. लिफ्टचं दार उघडतं. माणसं आत जातात. दार मिटतं. दार उघडतं. मिनिटभर हेच. एक राखाडी रंग सोडला तर त्यात रंगही नव्हता.

धाकटी बोलायला लागली आणि बोलतच राहिली. भिकार आहे, म्हणाली. दार उघडतं आणि मिटतं, याला गेम म्हणायचं तर आमच्या इमारतीतली लिफ्ट जगातला सर्वोत्तम गेम आहे. करणाऱ्याला काही सांगायचंच नाहीये. ओळखीवर आत गेला असणार, तोंडावरूनच कळतं.

मौनीने तारेचा वेढा पुरा केला, टोक आत खोचलं.

"खेळलीस?" त्याने विचारलं.

"ट्रेलर पाहिला की. शितावरून..."

वाक्य तिथेच थांबलं. म्हण कुणाच्या तोंडून उचलली हे तिच्या ध्यानात आलं, तोवर ती अर्धी बाहेर पडली होती. मौनीने गुंडाळलेली तार खोक्यात ठेवली आणि दुसरी घेतली. दोघंही त्या दिवशी लवकर घरी गेले. पुढच्या सोमवारी तो विमा कंपनीत रुजू झाला.

दालन उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात धाकटी संग्रहालयात गेली. तिने स्वतःला सांगितलं होतं की निदान न्यायाने शिव्या द्याव्यात म्हणून चाललेय. खरं कारण एवढं की त्या गेमचे दोष नीट गोळा करायचे होते, म्हणजे ते मनात घोळवत बसता आलं असतं. पराभवाच्या बदल्यात माणसाला एवढं तरी हवं असतं. आपल्याला हरवणारा नालायक होता, ही समजूत उशाला घेऊन पुष्कळ लोक आयुष्यभर गाढ झोपतात.

दालनात गर्दी होती आणि रांग होती, हे पहिलं वाईट झालं. तिचा नंबर आला. तिने कंट्रोलर घेतला. गेममध्ये ती लिफ्टवाली होती. लिफ्टमध्ये चार माणसं मावायची, आणि दारात उभी असायची पाच. दार तिने मिटायचं. एवढाच गेम. पहिल्या फेरीत तिने एका म्हाताऱ्या बाईला मागे ठेवलं, कारण ती हळू होती. पुढच्या फेरीला ती बाई लिफ्टपाशी दिसली नाही. दार उघडताना पलीकडच्या जिन्यावर तिची पाठ दिसली, कठडा धरून चढणारी. धाकटीने लिफ्ट थांबवून ठेवली. आतली चौघं खोळंबली, त्यातला एकजण घड्याळ बघायला लागला. बाईने वळून पाहिलं, मान हलवली आणि ती चढत राहिली. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला धाकटी दार मिटायचं बटण इतक्या उशिरा दाबू लागली की मागे रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला. तिच्या तळव्यांना घाम आला होता. यातलं काही मागच्यांना दिसत नव्हतं. मागच्यांना दार उघडताना आणि मिटताना दिसत होतं.

कोपऱ्यात एक सडपातळ गृहस्थ उभे होते. ते स्क्रीनकडे बघत नव्हते, खेळणाऱ्यांच्या हातांकडे बघत होते. तसं फक्त गेम करणारा बघतो हे धाकटीला कुणी सांगायला नको होतं. ती कंट्रोलर ठेवून निघाली तेव्हा ते पुढे आले आणि जरा ओशाळून त्यांनी विचारलं, कसा वाटला.

तिला खोटं बोलता आलं असतं. तेवढं सुख तिने कमावलेलं होतं, असं कुणीही म्हणालं असतं. ती वैतागून, जवळजवळ भांडल्यासारखी म्हणाली, "चांगला आहे हो. फारच चांगला आहे."

त्यांना वाटलं बाई रागावल्यात, आणि ते आभार मानायचे राहिले.

तर या व्यवहारात कुणाचं काय गेलं ते बघायला गेलं तर मोठी मंडळी सगळी नफ्यात दिसतात. निकालरावांनी पदरचं काही न देता पत परत मिळवली. संपादकांना वादाशिवाय गाजलेला अंक मिळाला, आणि संचालिकाबाईंनी न खेळता नेमका चांगला गेम निवडला, त्यामुळे आता त्या जन्मात कधी खेळणार नाहीत. ताईचं एक वाक्य गेलं. ते तिला न विचारता खर्च झालं, आणि दुसरं, जे खरं होतं, ते तिच्यापाशीच पडून आहे, घेणारा कुणी नाही. मौनीचे हात गेले, ते आता विमा कंपनीकडे असतात. धाकटीचा गेम गेला, जोडीदार गेला. उरली होती ती एकच गोष्ट, आपली जागा एका भिकार गेमने घेतली असं म्हणत कुढत बसायची सोय, आणि ती मात्र कुणी तिच्याकडून घेतली नाही. ती तिची तीच लिफ्टपाशी देऊन आली.